पालथे पडून पऱ्या बघणारे काका

आमच्या फॅमिली रूममध्ये टीव्हीच्या शेजारच्या भिंतीवर एक चित्र आहे. आकाराने म्हणाल तर पोळपाटाएवढं. ते आम्हाला भेट मिळालं तेव्हा त्यात दोघंच होते, मी आणि आमचे हे. आता इतकी गर्दी झालीय की पाहुण्यांना दाखवायचं तर आधी हातात भिंग द्यावं लागतं. भिंग तिथेच, खिळ्याला दोरीने टांगलेलं आहे. ज्यांनी चित्र दिलं त्यांनीच तो खिळा ठोकला, आणि ठोकताना भिंतीला आधी चुकीच्या जागी जे भोक पाडलं तेही तसंच आहे. हे म्हणाले बुजवू या. मी म्हटलं राहू द्या, काकांची सही आहे ती. चित्रावर त्यांनी कधी केलीच नाही.

काका म्हणजे कुणाचे सख्खे काका नव्हेत. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील, पण आमच्या ईडन प्रेरी गावातल्या मराठी मंडळींत फार आधी आलेले, म्हणून पोरंटोरं काका म्हणायची आणि त्यांचं ऐकून आम्हीही. मला ते वहिनी म्हणत. पेसमेकर बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर ड्रॉइंगं केली. काळजात बसवायचा इवलासा भाग कागदावर केवढा तरी मोठा करून काढायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर त्यांनी नेमकं उलटं सुरू केलं. चांगली धडधाकट माणसं घ्यायची आणि नखाएवढी करून अळंबीखाली बसवायची.

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. लहानपणी कऱ्हाडकडे त्यांच्या शाळेच्या कपाटात एक वाळवी लागलेलं इंग्रजी पुस्तक होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळात विलायतेत म्हणे काही चित्रकार असे होते, की जन्मभर पऱ्या, बुटके, जुन्या दंतकथा एवढंच रंगवत बसायचे. गवताच्या एका जुडीत शंभर-शंभर जीव. त्यांतला एक तर वेड्यांच्या इस्पितळात बसून वर्षानुवर्षं एकच चित्र रंगवत होता, हे काका असं सांगायचे जसं कुणी आपल्या आजोबांना रावबहादुरकी मिळाल्याचं सांगावं. पुस्तकातली ती चित्रं बघून हा मुलगा नदीवर गेला. तिथे घाटाजवळ साती आसरांची जागा होती, शेंदूर लावलेले सात दगड. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी, त्यांना हिरव्या बांगड्या वाहतात, त्यांच्या वाटेला जायचं नसतं. काकांच्या डोक्यात त्या दिवशी विलायतेतल्या पऱ्या आणि नदीतल्या आसरा यांचं जे लग्न लागलं ते शेवटपर्यंत टिकलं.

म्हणून आमच्या चित्रात बघाल तर चतुराचे पंख लावलेल्या बायका आहेत, पण नऊवारीत, कासोटा घट्ट मारलेला. पाणकणसांच्या बुंध्याशी वेताळाची पालखी चाललीय, आणि तिच्या मागे बर्फ उपसायचं फावडं घेऊन एक यक्ष बसलाय, वैतागलेला. ते आमचे हे. मी एका ओकच्या पानावर उभी आहे आणि माझं तोंड उघडं आहे. मी काकांना विचारलं, अहो, तोंड तरी मिटायचं. तर म्हणाले, "वहिनी, जे बघितलंच नाही ते कसं काढू?"

बघणं हा त्यांचा मोठा धर्म. "पऱ्या नसतात असं नाही, आपण फार उभ्याने बघतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे ते पालथे पडून बघायचे. कुणाच्याही लॉनवर, तळ्याच्या काठी, शाळेच्या मागच्या उतारावर, घड्याळजी लावतात तसं भिंग डोक्याला पट्ट्याने बांधून, गवतात नाक खुपसून तासन्‌तास. एकदा पलीकडच्या गल्लीतल्या गोऱ्या बाईंनी हे बघितलं आणि घाबरून ९११ लावला. म्हातारा पडलाय, हलत नाहीये. ॲम्ब्युलन्स आली, फायर ट्रकही आला, दोन आडदांड मुलं स्ट्रेचर घेऊन पळत आली. काकांनी मान न वळवता त्यांना सांगितलं, सावकाश या, शेवाळं तुडवू नका. आणि मग त्यातल्या एकाला म्हणाले, खाली ये, उभ्याने नाही दिसायचं. तो मुलगा खरंच त्यांच्या शेजारी पालथा पडला. युनिफॉर्ममध्ये. काकूंनी आपल्या खिडकीतून हे बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

त्यानंतर काकांनी सोय केली. लहान मुलांच्या सायकलींना मागे लावतात तो नारिंगी झेंडा आणला, त्याला एक पुठ्ठ्याची पाटी बांधली. पाटीवर इंग्रजीत लिहिलं, की मी ठीक आहे, बघतोय. पालथं पडलं की शेजारी झेंडा रोवायचा. काकू म्हणायच्या, "एक दिवस खरंच जाल आणि लोक पाटी वाचून पुढे जातील."

काकूंचं सगळं बोलणं असं. चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही.

मंडळाने एकदा त्यांना गणपतीच्या मखरामागचा कैलास पर्वत रंगवायला दिला. भला मोठा प्लायवूड. काका महिनाभर गराजमध्ये दार लावून बसले. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी कमिटीची माणसं न्यायला गेली तर डाव्या कोपऱ्यात वीतभर जागेत शंकराचे गण, कुणी डफ वाजवतोय, कुणी कानात काडी घालतोय, कुणी दुसऱ्याच्या जटेत उवा बघतोय. बाकी सगळं लाकूड कोरं. पर्वत कुठाय विचारलं तर म्हणाले, पर्वताला काय, तो मोठाच असतो. शेवटी पांढरी चादर लावून हिमालय केला. पण आरतीला एक पोर समोर उभं राहील तर शपथ. सगळी कोपऱ्यात, एकमेकांच्या डोक्यावरून वाकून गण मोजत होती.

हे झालं खुळाचं. आता त्यांची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळे घडलं.

काका चित्र विकत नसत. द्यायचे. पण दिलं म्हणजे ते तुमचं झालं असं समजू नका. एखाद्या दुपारी स्टीलचा पुडाचा डबा घेऊन ते हजर. वरच्या पुडात रंग, खालच्या पुडात दोन-तीन केसांचे ब्रश आणि मधल्यात काकूंनी दिलेल्या चकल्या. घरात काही घडलं की चित्रात त्याची भर पडायची. कुणाकडे सासूबाई भारतातून आल्या, एक म्हातारी यक्षीण छत्री घेऊन दाखल. मुलगी कॉलेजला गेली, एक परी बेडकावर बसून चित्राच्या कडेशी. "चित्र संपलं म्हणजे चित्रकार आळशी झाला," असं म्हणायचे. आणि एक नेम होता. भर घालायची, पुसायचं कुणाला नाही. आमच्या ओळखीत एका घरी मुलीचा घटस्फोट झाला. मुलीच्या आईने काकांना फोन केला, त्या माणसाला आधी चित्रातून काढा. काका गेले आणि जावयाला पाठमोरा करून आले.

माझ्या मुलाचं लग्न झालं तेव्हा आमच्याही चित्रात सून आली, लाल कार्डिनल पक्ष्यावर बसून, पाठीला बॅकपॅक. ती एडिसनमध्ये जन्मलेली आणि वाढलेली. तिचं मराठी तिथल्या ओकट्री रोडच्या देशी दुकानांत शिकलेलं, भाज्यांची नावं बिनचूक आणि बाकी रामभरोसे. तिला ते चित्र इतकं आवडलं की दोघं राहतात त्या फ्रिस्कोहून इकडे आली की बॅग दारात टाकून आधी त्या भिंतीकडे. फोनचा टॉर्च लावायचा, भिंग डोळ्याला धरायचं आणि काय नवीन आहे ते शोधायचं. शोधल्याशिवाय पाणी नाही प्यायची. काकांना ती म्हणाली होती, "काका, माझा नोज एवढा नाहीये." काका म्हणाले, पुढच्या हिवाळ्यात बारीक करू. केला नाही.

त्या वर्षी वसंतात मुलाचा फोन आला. सांगितलं आणि लगेच बजावलं, आई, कुणाला बोलायचं नाही, तीन महिने झालेले नाहीत. मी कुणाला बोलले नाही. पण हात कुठे गप्प बसतात? माझ्या आईचं एक मऊसूत झालेलं लुगडं होतं, मोरपंखी काठाचं, ते काढलं आणि दुपटी बेतायला बसले. नेमके त्या दुपारी काका आले, डबा घेऊन. काही विशेष नव्हतं, यांचा नवा स्नो ब्लोअर, बर्फ उडवायचं मशीन, चित्रात घालायला आले होते. त्यांनी मशीनवरचं कापड बघितलं. नुसते म्हणाले, "वहिनी, आज चहा जरा निवांत उकळू द्या."

ते गेल्यावर मी भिंग लावलं. स्नो ब्लोअरचा पत्ता नव्हता. कार्डिनलच्या खाली, रुईसारखी ती शेंग असते ना इथली, जिच्यातून म्हाताऱ्या उडतात, ती उकललेली होती आणि तिच्या कापसात एक एवढंसं बाळ झोपलं होतं. अंगावर दुपटं. दुपट्याला मोरपंखी काठ.

मी फोन करून त्यांना खूप बोलले. असं आधी करतात का काका, आपल्यात काही म्हणून पद्धत आहे की नाही. ते म्हणाले, "बघितलं ते काढलं, वहिनी." आणि खरं सांगायचं तर रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी पहिली त्या भिंतीशीच जायचे.

काही आठवड्यांनी मुलाचा पुन्हा फोन आला. बाळ राहिलं नव्हतं.

मी दुपटी घडी करून वरच्या कपाटात ठेवली. सुनेशी फोनवर बोलले ते हवापाण्याचं. काय बोलायचं असतं हे मला सुचलं नाही, आणि मला न सुचणं म्हणजे बघा. मग नोव्हेंबर आला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला दोघं येणार असं ठरलं. ती दारातून आत येणार, बॅग टाकणार, टॉर्च लावणार.

चित्र काढून ठेवावं म्हटलं तर हे म्हणाले, भिंत मोकळी दिसली की ती पहिलं तेच विचारेल. तेही खरं. मी काकांना बोलावलं, डबा घेऊनच या म्हटलं.

तोवर काकांचे डोळे गेल्यात जमा होते. डोळ्यांच्या मधोमध डाग आला होता, कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. डबा घरीच असायचा. गाडी काकू चालवायच्या. त्या दोघांना मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, काका, ते बाळ तेवढं काढा.

"मी कुणाला पुसलेलं नाही, वहिनी."

"तिला दिसेल ना हो."

"दिसेल."

ते स्टुलावर जाऊन बसले. काकू नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलतील असं मला वाटलं, पण त्यांनी मुकाट्याने डबा उघडून रंगाचा पूड त्यांच्या मांडीवर ठेवला. मग काका म्हणाले, झाकतो. पण मला जागा दिसायची नाही. तुम्ही सांगत राहा.

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बोलत राहा म्हणत होतं. मी भिंग धरून बोलत राहिले. थोडं वर, आता डावीकडे, ते शेंगेचं टोक आलं, थांबा, आता खाली. हात त्यांचा आणि डोळे माझे. बाळावर हळूहळू ओकचं एक तांबूस पान उतरलं. पान पुरं झालं तेव्हा माझी मान आखडली होती आणि डोळे पाण्याने भरले होते, त्यामुळे मी नीट बघितलंच नाही. काका म्हणाले, झालं. मी म्हटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन भिंतीशी गेले तर पानाखालून एक पाऊल बाहेर. तांदळाच्या कणीएवढं. पण पाचही बोटं दिसतील असं.

काकांना फोन लावेपर्यंत मुलाचा मेसेज आला, लँड झालो.

मी स्वयंपाकघरात गेले आणि नको असताना पुरणपोळीची कणीक तिंबायला घेतली. दार वाजलं, बॅग पडल्याचा आवाज आला, यांनी उगाच मोठ्याने ट्रॅफिक कसं होतं ते विचारलं. कणकेतून हात न काढता मी ऐकत होते.

"आई, हे पान नवीन आहे?"

"हो गं."

"मग पाय कोणाचा आहे?"

मी बाहेर आले. कोपरापर्यंत कणीक. ती भिंग धरून तशीच उभी, पाठमोरी. मी म्हटलं, तुला माहीत आहे कोणाचा. काका मे महिन्यातच काढून गेले होते, मी कुणाला बोलले नव्हते, त्यांनी दुपटं बघितलं. मी म्हटलं, काढून टाका असंही सांगितलं होतं मी त्यांना, त्यांनी ऐकलं नाही.

ती खाली कार्पेटवर बसली. मीही बसले. ती म्हणाली, "सगळे म्हणाले, होतं असं, मूव्ह ऑन. माय मॉम म्हणाली, कुणाला सांगितलं नव्हतं ते बरं झालं. सो इट वॉज लाइक, कोणी नव्हतंच. आणि इकडे तो होता. ऑल समर."

मग ती रडली आणि मी तिला धरलं. तिच्या काळ्या स्वेटरवर माझ्या हातांची कणीक लागली, ती तिने दोन दिवस धुतली नाही.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी तिने काका-काकूंना बोलावून घेतलं. काका आले ते अपराध्यासारखे, टोपी हातात. दारातच म्हणाले, "पुसू का?"

"नको," ती म्हणाली. "पण काका, पाय बाहेर राहिलाय. थंडी आहे."

"मुद्दाम ठेवला. वहिनी म्हणाल्या काढा, म्हणून झाकलं. सगळंच झाकलं असतं तर पुसल्यासारखंच झालं असतं." मग म्हणाले, "पण तू म्हणतेस तर आत घेऊ. ब्रश तू धर."

काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मला त्या ब्रशला हात लावू दिलेला नाही."

ती स्टुलावर बसली, काका मागे उभे. ती काय बघतेय ते सांगत होती आणि ते काय करायचं ते सांगत होते. पान वाढवायचं म्हणजे आधी शीर ओढायची. रंग कमी घे. श्वास सोड, मग टेकव. तिचा हात थरथरत होता, तर म्हणाले, थरथरू दे, पान आहे ते, वाऱ्यावर आहे. पाऊल झाकून झालं तेव्हा तिने ब्रश ठेवला आणि चित्रावर हलकीच फुंकर मारली, रंग वाळायला मारली असेल, मला माहीत नाही.

काका पुढच्या उन्हाळ्यात गेले. नाही, लॉनवर नाही. काकूंचं म्हणणं खरं झालं नाही. दवाखान्यात गेले, न्यूमोनियाने, सगळे जातात तसे. आम्ही पोचलो तेव्हा काकू कॉटजवळ बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "इतका वेळ उताणे पहिल्यांदाच बघतेय यांना."

त्यांचे रंग आणि ब्रश काकूंनी डब्यासकट माझ्या सुनेला देऊन टाकले. ती चित्रकला शिकलेली नाही, मीही नाही, पण गेल्या वेळी ती आली तेव्हा दुपारभर चित्रासमोर बसली होती आणि मला जवळ येऊ देत नव्हती. झाल्यावर भिंग माझ्या हातात दिलं. मोरपंखी काठ दिसत नाही आता, पान आहे वर, त्याचं टोक जरा जाडं आलंय, आणि त्या पानासमोर गवतात कुणीतरी आडवं झालंय. डोक्याला पट्टा. शेजारी नारिंगी ठिपका, म्हणजे झेंडा. पाटीवर लिहायला जागा पुरली नाही म्हणाली.

मी काकूंना फोन करून बोलावलं. त्या आल्या, कोट न काढता भिंतीशी गेल्या, चष्मा कपाळावर सरकवून भिंग लावलं. बराच वेळ बघत होत्या. मग भिंग जागच्या जागी टांगलं.

"इथेही पालथेच," म्हणाल्या. "चहा टाक."